‘मला सायनस आहे’ असे म्हणण्यापूर्वी : नाकाच्या विकारांत काय पाहावे, काय करावे

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात मी बरीच वर्षे उभा राहिलो. तुरीची रास सुरू झाली की दुकानापुढे नाकाला रुमाल लावलेल्या माणसांची गर्दी वाढत असे आणि बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असे : ‘मला सायनस आहे, चांगली गोळी द्या.’ वास्तविक सायनस हा रोग नसून शरीराचा भाग आहे आणि तो सर्वांनाच असतो. ‘मला मूत्रपिंड आहे’ अशी तक्रार घेऊन कोणी येत नाही. ही नुसती शब्दाची चूक असती तर सोडून देता आली असती. परंतु या एका नावाखाली पाच-सहा निरनिराळे विकार एकत्र बांधले जातात, सर्वांना एकच गोळी दिली जाते आणि ज्याला ती लागू पडत नाही तो वर्षानुवर्षे नाक ओढत राहतो. म्हणून नाकाचा त्रास नव्याने सुरू झालेल्या माणसाने कोणत्या क्रमाने विचार करावा आणि कोणत्या क्रमाने उपाय करावेत, ते येथे लिहीत आहे. निदान करण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. त्यांच्यापर्यंत योग्य वेळी आणि योग्य माहितीसह पोहोचता यावे, इतकाच या लेखाचा हेतू आहे.

आधी रचना समजून घ्यावी

नाकाच्या दोन्ही बाजूंना हाडांच्या आत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात; यांनाच सायनस म्हणतात. एक जोडी गालांच्या हाडांत, दुसरी भुवयांच्या वर कपाळात, तिसरी दोन डोळ्यांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारख्या लहान लहान कप्प्यांची आणि चौथी त्याहून बरीच आत, कवटीच्या तळाशी. जुन्या माळवदाच्या घरात अंधाऱ्या खोल्या जशा अरुंद दारांनी ओसरीवर उघडतात, तशा या पोकळ्या बारीक छिद्रांनी नाकात उघडतात. त्यांच्या अस्तरातून पातळ स्राव पाझरत असतो आणि अस्तरावरचे अतिसूक्ष्म तंतू तो सतत छिद्राकडे लोटत असतात. गालातल्या पोकळीचे छिद्र तळाशी नसून वरच्या अंगाला आहे, त्यामुळे तेथील स्राव उताराने वाहून जात नाही, त्याला तंतूंनीच वर चढवावे लागते. सर्दीने, धुळीने किंवा ॲलर्जीने अस्तर सुजले की छिद्र बुजते, स्राव आत कोंडतो आणि कोंडलेल्या स्रावात जंतू वाढू लागतात. नाकाच्या बहुतेक उपचारांचा हेतू ‘कफ उपसून काढणे’ हा नसून ही दारे उघडी ठेवणे हा असतो, एवढे ध्यानात राहिले तरी पुढील सर्व सांगण्याची संगती लागते.

एक शंका आधीच दूर केलेली बरी. ‘माझी एक नाकपुडी नेहमी बंद असते, कधी डावी, कधी उजवी,’ असे अनेक जण काळजीने सांगतात. निरोगी नाकातही काही तासांच्या अंतराने एका बाजूचे अस्तर फुगते आणि दुसऱ्या बाजूचे ओसरते. स्वरशास्त्र मानणारे ज्याला चंद्रस्वर आणि सूर्यस्वर म्हणतात, तो अनुभव हाच. बाजू बदलत असेल तर तो रोग नव्हे; एकच बाजू महिनोन्‌महिने बंद राहत असेल तर मात्र तपासणी हवी.

पहिली पायरी : दिवस मोजावेत

सर्दी ज्या दिवशी सुरू झाली ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. विषाणूंमुळे होणारी साधी सर्दी बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप उतरते आणि तिच्यावर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. शेंबूड पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे ‘इन्फेक्शन वाढले’ हा समज दुकानात मी रोज ऐकला. प्रत्यक्षात शरीराच्या पांढऱ्या पेशी कामाला लागल्या की साध्या सर्दीतही तसा रंग येतो. जीवाणूंचा संसर्ग झाला असावा असा संशय तीन प्रसंगी घ्यावा : दहा दिवस उलटूनही काहीच उतार पडला नाही तर, पाच-सहा दिवसांत बरे वाटून सर्दी पुन्हा जोराने उलटली तर, किंवा सुरुवातीलाच १०२ अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक ताप, घट्ट पुवासारखा स्राव आणि गालाच्या किंवा कपाळाच्या एका भागात ठणका असे तीन-चार दिवस सलग राहिले तर. अशा वेळी डॉक्टरांनी प्रतिजैविक दिले, तर ते सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यावे. ‘मागच्या वेळच्या चार गोळ्या उरल्या आहेत’ म्हणून त्या घेऊ नयेत आणि शेजाऱ्यालाही देऊ नयेत.

त्रास बारा आठवड्यांपेक्षा अधिक काळ सतत टिकला, तर तो जुनाट सायनसदाह, म्हणजे सायनसच्या अस्तराची रेंगाळलेली सूज, समजला जातो. त्याची वाट निराळी आहे आणि ती केवळ गोळ्यांच्या पाकिटातून जात नाही.

दुसरी पायरी : मुख्य तक्रार कोणती, हे ओळखावे

सकाळी उठताच ओळीने शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, नाक, टाळू आणि डोळे यांना खाज, आणि ताप नाही, असे चित्र असेल तर ती बहुधा ॲलर्जी असते. आपल्या भागात तिची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. गाजरगवत, ज्याला खेड्यांत काँग्रेस म्हणतात, ते १९५० च्या दशकात पुण्याजवळ प्रथम आढळले आणि आज मराठवाड्यातील बांध, पडीक रान आणि रस्त्याची कड सर्वत्र व्यापून बसले आहे. त्याचे परागकण ॲलर्जी करतात. सोयाबीन आणि तुरीच्या मळणीची धूळ, जिनिंगमधील कापसाचे उडणारे बारीक तंतू, बळदातील जुन्या धान्याची बुरशी, आणि पावसाळाभर पेटीत राहून दिवाळीनंतर एकदम अंगावर येणाऱ्या वाकळा, ही नेहमीची मंडळी. वाकळेतील सूक्ष्म कीटक डोळ्यांना दिसत नाहीत. नुसते झटकल्याने त्यांचा कचरा हवेत पसरतो. कडक पाण्यात धुऊन उन्हात वाळवणे हाच उपाय आहे. उन्हाळ्यात कूलर सुरू करण्यापूर्वी त्याच्या गवताच्या जुन्या जाळ्या टाकून नव्या बसवाव्यात आणि टाकीतील पाणी काढून ती कोरडी घासावी, कारण वर्षभर ओल-सुक धरलेल्या गवतातील बुरशी पंख्याबरोबर थेट नाकात जाते.

वास येणे कमी होत गेले, दोन्ही बाजू चोंदलेल्या राहिल्या आणि घशात सतत चिकट स्राव उतरत राहिला, तर जुनाट सायनसदाहाचा किंवा नाकातील मोडांचा विचार करावा. मोड म्हणजे सुजलेल्या अस्तराचे सोललेल्या द्राक्षासारखे लोंबते गोळे. ते दुखत नाहीत म्हणून वर्षानुवर्षे लक्षात येत नाहीत. मोडांबरोबर दमाही असेल, तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी काही जणांना दम्याचा जोराचा झटका येतो. त्यामुळे अंगदुखीची गोळी मागतानाही आपल्याला दमा आणि मोड आहेत, हे सांगणे आवश्यक आहे.

एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल आणि त्याच बाजूची वरची दाढ किडलेली असेल, तर मूळ कारण दातात असू शकते. वरच्या दाढांची मुळे गालातील पोकळीच्या तळाला जवळजवळ भिडलेली असतात. दाढेचा उपचार झाल्याशिवाय असा स्राव थांबत नाही.

आता डोकेदुखीविषयी थोडे सविस्तर, कारण सर्वाधिक फसगत येथे होते. कपाळ दुखते म्हणजे सायनस, असे आपण धरून चालतो. अमेरिकेत स्वतःला ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असे समजणाऱ्या २,९९१ जणांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ८८ टक्के लोकांची लक्षणे प्रत्यक्षात अर्धशिशीच्या प्रकारात बसणारी निघाली. अर्धशिशीतही नाक चोंदते आणि डोळ्यांतून पाणी येते, त्यामुळे घोटाळा होतो. डोके ठणठणते, मळमळते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटते, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत दुखणे पूर्ण जाते आणि उन्हात फिरल्यावर, उपाशी राहिल्यावर किंवा जागरणानंतर पुन्हा येते, असे असेल तर नाकाची औषधे घेण्यात वर्षे घालवू नयेत. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी चैत्र-वैशाखातील या दुखण्यासाठी सहा वर्षे नाकात थेंब टाकले. त्यांच्या नाकात काहीही नव्हते.

तिसरी पायरी : नाक धुणे

ॲलर्जी असो वा जुनाट सायनसदाह, मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा सर्वांत स्वस्त आणि दीर्घकाळ करता येण्याजोगा उपाय आहे. जलनेती करणाऱ्यांना तो नवा नाही. मात्र पाण्याच्या बाबतीत आपल्याकडे हयगय होते, म्हणून ते आधी सांगतो. टँकरचे, बोअरचे, विहिरीचे किंवा नळाचे पाणी तसेच नाकात घेऊ नये. गोड्या पाण्यात क्वचित आढळणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो आणि त्याचा आजार बहुधा प्राणघातक ठरतो. हेच पाणी पिण्यात आले तर तो आजार होत नाही, म्हणून ‘पिण्याचे पाणी आहे, चालेल’ हा युक्तिवाद येथे लागू नाही. घरच्या फिल्टरवरही विसंबू नये. पाणी खळखळून पाच मिनिटे उकळावे, झाकून ठेवावे आणि कोमट झाल्यावर वापरावे.

अशा एका ग्लासभर, म्हणजे सुमारे २५० मिलिलीटर पाण्यात अर्धा चहाचा चमचा सपाट मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवावा. दुकानात मोजून भरलेल्या पुड्याही मिळतात. आयोडीनयुक्त मिठाने ज्यांना चुरचुरते त्यांनी त्या वापराव्यात. मोरीवर पुढे वाकून, तोंड उघडे ठेवून, नेतीपात्राने किंवा मऊ बाटलीने एका नाकपुडीत पाणी हलके सोडावे. ते दुसरीतून बाहेर येते. श्वास तोंडाने घ्यावा आणि त्या वेळी गिळू नये. झाल्यावर थोडा वेळ वाकून राहावे आणि एकेक नाकपुडी मोकळी ठेवून हलकेच शिंकरावे; दोन्ही दाबून जोराने शिंकरल्यास पाणी कानाकडे जाते. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान ठणकत असेल तर त्या दिवशी धुऊ नये. भांडे रोज धुऊन कोरडे ठेवावे. पहिले दोन दिवस ठसका लागतो. तिसऱ्या दिवशी हात बसतो. मळणीवरून किंवा जिनवरून घरी आल्यावर त्याच संध्याकाळी नाक धुतले, तर रात्रीच्या शिंका बऱ्याच कमी होतात. कामावर असताना नाकाला गमजा गुंडाळण्याऐवजी एन-९५ मास्क लावावा. गमज्यातून बारीक धूळ सहज आत जाते.

चौथी पायरी : स्प्रे आणि थेंब यांतील फरक ओळखावा

दुकानातील माझ्या सर्व वर्षांत सर्वाधिक नुकसान कोणत्या औषधाने होताना पाहिले असेल, तर ते नाक तत्काळ मोकळे करणाऱ्या थेंबांनी. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सीमेटाझोलीन असलेले हे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात आणि नाक काही मिनिटांत उघडते. सर्दीच्या ऐन भरात तीन ते पाच दिवस त्यांचा उपयोग जरूर करावा. त्यापुढे मात्र औषधाचा अंमल उतरताच अस्तर पूर्वीपेक्षा अधिक फुगते, माणूस पुन्हा थेंब टाकतो, आणि हे चक्र चालू राहते. खिशात बाटली नसेल तर ज्यांना झोप येत नाही अशी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना रागावून उपयोग नसतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने स्टेरॉइडचा स्प्रे सुरू करून, आधी एका नाकपुडीतील आणि मग दुसऱ्या नाकपुडीतील थेंब बंद करत ही सवय सोडवता येते. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी हे थेंब विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

याउलट फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड हे स्टेरॉइडचे नाकाचे स्प्रे लगेच काहीच करत नाहीत, आणि म्हणूनच लोक ते तिसऱ्या दिवशी टाकून देतात. त्यांचे काम सूज उतरवण्याचे आहे. परिणाम दिसायला काही दिवस लागतात आणि पूर्ण लाभासाठी रोज न चुकता दोन ते चार आठवडे वापरावे लागतात. ‘स्टेरॉइड’ या शब्दाची धास्ती येथे बरीचशी अनाठायी आहे, कारण या स्प्रेमधून रक्तात जाणारा अंश अत्यल्प असतो. धास्ती बाळगायचीच असेल तर ‘एका इंजेक्शनात सर्दी बंद’ म्हणून पुन्हा पुन्हा टोचल्या जाणाऱ्या स्टेरॉइडची बाळगावी. त्याने साखर चढते आणि हाडे ठिसूळ होतात.

स्प्रे मारण्याची रीत महत्त्वाची आहे. नाक धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, मान किंचित पुढे झुकवून, उजव्या नाकपुडीसाठी डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीसाठी उजव्या हाताने बाटली धरावी, म्हणजे टोक आपोआप मधल्या पडद्यापासून दूर, त्या बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळते. पडद्यावर रोज फवारा बसला तर खपल्या धरतात आणि रक्त येते. फवारल्यावर जोराने ओढू नये. घशात चव आली तर औषध पोटात गेले असे समजावे.

ॲलर्जीच्या खाजेसाठी आणि शिंकांसाठी सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या गोळ्या उपयोगी आहेत, चोंदलेल्या नाकासाठी फारशा नाहीत. सेटिरिझिनने अनेकांना झापड येते; ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवणाऱ्याने ती रात्री घ्यावी.

घरगुती उपायांपैकी ओव्याची गरम पुरचुंडी हुंगण्याने किंवा मेंथॉलच्या मलमाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. मेंथॉल गारव्याची जाणीव जागी करते, वाट मात्र तेवढीच अरुंद राहते. तात्पुरता आराम म्हणून त्याला हरकत नाही. तान्ह्या बाळाच्या नाकाला किंवा छातीला कापूर चोळू नये, त्याने झटके येऊ शकतात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर लहान मुलाला चादरीखाली बसवू नये. वाफेच्या लाभापेक्षा भाजण्याचा धोका मोठा आहे. चुलीचा धूर, बिडी आणि तपकीर चालू ठेवून वरीलपैकी कोणत्याही उपायाकडून फारशी अपेक्षा ठेवता येणार नाही.

घोळणा फुटल्यास

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर गेला की कोरड्या हवेने पडद्याच्या पुढच्या भागातील बारीक रक्तवाहिन्या फुटतात. मुलाला आडवे करून डोक्यावर पाणी ओतण्याची आणि कांदा हुंगवण्याची आपली रीत आहे. त्यात वेळ जातो आणि रक्त घशात उतरते. मुलाला बसवून पुढे झुकवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट दाबावा आणि घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटे मध्ये एकदाही न सोडता धरून ठेवावा. अर्ध्या तासात रक्त थांबले नाही, किंवा माणूस वयस्क असून रक्तदाबाच्या अथवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

वाट पाहू नये अशा खुणा

लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर आत हरभरा, चिंचोका, मणी असे काहीतरी अडकले आहे असे धरून चालावे. पाणी घालू नये, कडधान्य फुगते. चिमट्याने काढू नये, ते आणखी आत सरकते. अडकलेली वस्तू घड्याळाचा किंवा खेळण्याचा बटणासारखा सेल असेल तर काही तासांतच आतला पडदा जळतो, म्हणून रात्र असली तरी निघावे. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, नजर कमी होणे, मान ताठणे किंवा गुंगी येणे म्हणजे संसर्ग डोळ्याकडे अथवा मेंदूकडे सरकत असल्याची शक्यता. प्रौढ माणसाची एकच बाजू सतत बंद राहून तीतून रक्तमिश्रित स्राव येत असेल तर गाठीची शंका दूर करून घ्यावी. डोक्याला मार लागल्यानंतर वाकले की एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकत असेल, तर ती सर्दी नसून मेंदूभोवतीचे पाणी असू शकते. नाकात अळ्या पडल्याचे दिसले तर लाजून घरी तेल ओतत बसू नये. रुग्णालयात त्या सुरक्षितपणे काढता येतात.

मधुमेहींनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे, म्हणजे ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संसर्गाचे, जे रुग्ण आले, त्यांच्यात अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा वापर या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. त्या मे महिन्यात अँफोटेरिसिन-बी या बुरशीवरील इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्ह्या-जिल्ह्यांतून फोन करत होते आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. लाट ओसरली तरी ती बुरशी मातीत आणि कुजलेल्या पाल्यात आहेच. साखर वाढलेल्या माणसाचा गाल बधिर झाला, नाकात किंवा टाळूवर काळी खपली दिसली, वरचे दात हलू लागले, तर ‘उद्या पाहू’ म्हणू नये.

पाचवी पायरी : तज्ज्ञाकडे जाताना

कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने नाक आतून पाहतात; त्याला काही मिनिटे लागतात. साध्या एक्स-रेतून फारसे कळत नाही, गरज असल्यास सायनसचा सीटी स्कॅन करतात, आणि तोही काही आठवडे औषधे घेऊन झाल्यानंतर, म्हणजे औषधानंतर उरलेला दोष स्पष्ट दिसतो. ‘नाकाचे हाड वाढले’ हे शब्द ऐकून घाबरू नये. हाड वाढत नसते. मधला पडदा वाकडा असतो किंवा बाजूच्या भिंतीवरील मांसल पटल सुजलेले असते. पडदा थोडाफार तर बहुतेकांचा वाकडा असतो, आणि त्रास नसेल तर तो सरळ करण्याची आवश्यकता नसते.

औषधांनी भागले नाही तर दुर्बिणीतून सायनसची दारे रुंद करण्याची शस्त्रक्रिया करतात. तिने वाट मोकळी होते, ॲलर्जी जात नाही. मोड पुन्हा येऊ शकतात, म्हणून नाक धुणे आणि स्प्रे नंतरही चालू ठेवावे लागतात. हे आधी न सांगितल्यामुळे ‘ऑपरेशन फसले’ असे म्हणणारे बरेच भेटतात. छत्रपती संभाजीनगर येथील घाटी, तसेच अंबाजोगाई, लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवून आधीच विचारावे.

जाताना त्रास सुरू झाल्याची तारीख, कोणत्या कामानंतर तो वाढतो त्याची नोंद, आणि आजवर घेतलेल्या सर्व औषधांची रिकामी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. ‘एक पांढरी गोळी होती’ यावरून कोणालाच काही कळत नाही. स्प्रे वापरत असाल तर बाटलीही सोबत घ्यावी आणि तो कसा मारता, ते डॉक्टरांसमोर एकदा मारून दाखवावे.